सुप्त टीबी : आजार नाही, पण कोणी सावध राहावे?

टीबीचे जंतू शरीरात आहेत, पण आजार नाही, अशा अवस्थेला सुप्त टीबी म्हणतात. खोकला नाही, ताप नाही, वजनही घटत नाही. अशा माणसापासून दुसऱ्याला लागण होत नाही. त्याचे ताट-पेला वेगळे करण्याची काहीच गरज नाही.

प्रमाण किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना टीबीच्या जंतूंची लागण झालेली आहे. भारतात 2019 ते 2021 दरम्यान झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 15 वर्षांवरील सुमारे 31 टक्के लोकांमध्ये ही लागण आढळली. मात्र घाबरू नका. लागण झालेल्या 100 पैकी 5 ते 10 जणांनाच आयुष्यात कधीतरी टीबी होतो. लागणीनंतरची पहिली दोन वर्षे जास्त धोक्याची असतात.

धोका कोणाला जास्त?

- टीबी रुग्णासोबत एकाच घरात राहणारे
- 5 वर्षांखालील मुले. त्यांना मेंदूचा टीबीही होऊ शकतो
- एचआयव्हीबाधित
- मधुमेही; धोका दोन ते तीन पट
- कुपोषित, तसेच विडी-सिगारेट किंवा दारूचे व्यसन असलेले
- डायलिसिसवर असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे
- दगडखाणीत किंवा दगड फोडण्याच्या कामात धूळ झेलून सिलिकोसिस झालेले मजूर

तपासणी आणि गोळ्या

हातावर सुई टोचून केली जाणारी मांटू चाचणी किंवा रक्ताची इग्रा चाचणी करून लागण कळते. लहानपणी बीसीजी लस घेतली असेल तर मांटू चुकीने पॉझिटिव्ह येऊ शकते. इग्रावर तिचा परिणाम होत नाही. गोळ्या देण्यापूर्वी लक्षणे विचारून, गरजेनुसार एक्स-रे काढून आजार नसल्याची खात्री करतात. रुग्णाच्या घरातील 5 वर्षांखालील मुलांना आजार नसेल तर लागणीच्या चाचणीशिवायही प्रतिबंधक औषध दिले जाते.

आयसोनियाझिड सहा महिने रोज, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा असे 12 डोस, यांपैकी एक उपचार डॉक्टर ठरवतात. सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो. कावीळ, सतत उलट्या, हातापायांना मुंग्या येणे असे काही झाले तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

खाणेही महत्त्वाचे आहे. झारखंडमधील एका अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना जादा धान्य-डाळ दिल्यावर त्यांच्यातील नव्या टीबीचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाले.

लपवू नका

मुलीचे लग्न अडेल, मोहल्ल्यात बोलणी होतील, म्हणून अब्बांचा किंवा सुनेचा टीबी लपवला जातो. मग घरातल्या चिमुकल्यांची तपासणीच होत नाही आणि गोळ्यांची वेळ निघून जाते. घरात रुग्ण असेल तर सर्वांना जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम किंवा वजनात घट असेल तर थुंकी तपासा. मोफत माहितीसाठी निक्षय हेल्पलाइन : 1800-11-6666.