प्याद्यांची फिर्याद

बुद्धिबळाच्या खेळाडूइतका एकटा कष्टकरी जगात दुसरा नसेल. गिरणीकामगाराच्या शेजारी दुसरा गिरणीकामगार उभा असतो. या खेळाडूच्या समोर बसतो तो त्याचा प्रतिस्पर्धी. ज्याला हरवल्याविना आपल्याला बक्षीस मिळावयाचे नाही, त्याच्याच खांद्याला खांदा लावून हक्क मागावयाचे, ही गोष्ट बोलावयास सोपी आणि करावयास फार अवघड. या अडचणीचा इतिहास आपण महाराष्ट्रीयांनी समजून घेण्याजोगा आहे.

आपल्याकडे हा खेळ पूर्वी आश्रयावर जगला. संस्थाने गेल्यावर सांगलीच्या भाऊसाहेब पडसलगीकरांसारख्या ध्येयवेड्या माणसांनी तो सांभाळला. १९५१ साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. आश्रयदात्याच्या जागी संस्था आली, ही प्रगतीच होय. पण एक आश्रयदाता रुसला तर दुसरा गाठता येई. महासंघाने दार लावले तर जावयाचे कोठे?

हा प्रश्न १९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर यांच्यापुढे आला. तेरा वर्षांची ही मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गदारोळ उठला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला, की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. हे यूवे एके काळचे जगज्जेते आणि गणिताचे शाळामास्तर; आमच्या पेशातल्या माणसाच्या हातून हा न्याय झाला याचा मला आनंद वाटतो. तथापि रोहिणीताईंच्या पाठीशी खाडिलकरांचे घराणे आणि त्यांचे ‘नवाकाळ’ होते. ज्याच्या घरी वृत्तपत्र नाही, त्याने काय करावे?

युरोपातील ग्रँडमास्टरांनी त्याचे उत्तर संघटनेत शोधले. १९८७ साली ब्रुसेल्स येथे त्यांचा संघ निघाला. बेसेल कोक या उद्योगधुरीणाने पाठबळ दिले आणि विश्वचषकाच्या मोठ्या स्पर्धा भरल्या. परंतु जागतिक संघटनेशी करार करावा की नाही, यावर १९९० साली फूट पडली. बहुमत कराराच्या बाजूने गेले, जगज्जेता कास्पारोव्ह विरुद्ध राहिला आणि संघाचा जोर ओसरला. १९९३ साली त्याने नायजेल शॉर्टसह दुसरी संस्था काढली. तिच्याच अजिंक्यपदासाठी आपला विश्वनाथन आनंद १९९५ साली न्यूयॉर्कला त्याच्याशी लढला. पुरस्कर्त्या इंटेल कंपनीने हात आखडता घेताच तीही संस्था आटोपली. २००३ साली जोएल लोत्ये याच्या अध्यक्षतेखाली व्यावसायिक खेळाडूंचा नवा संघ झाला. विजेत्याच्या नावावर उभी राहिलेली संघटना विजेत्याच्या मर्जीपुरतीच टिकते, एवढे यावरून दिसते.

आपल्या देशात जे घडले ते याहून साधे आणि मला अधिक मोलाचे वाटते. महासंघाकडे नाव नोंदवताना, मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळणार नाही, असे खेळाडूंकडून लिहून घेतले जाई. काहीजण तशा स्पर्धेत खेळले. त्यांच्यावर बंदी आली, एलो गुणांकनही काढून घेण्यात आले. गुणांकन म्हणजे या धंद्यातली पत. स्पर्धेचे निमंत्रण, शिकवणीचे विद्यार्थी, रेल्वेतली किंवा तेल कंपनीतली खेळाडू म्हणून मिळणारी नोकरी, सारे त्यावर अवलंबून. चौघे खेळाडू दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तेथून २०११ साली प्रकरण भारतीय स्पर्धा आयोगाकडे आले. १२ जुलै २०१८ रोजी आयोगाने निकाल दिला, की महासंघाने आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला. ६ लाख ९२ हजार रुपये दंड झाला आणि स्पर्धांना मान्यता देण्याचे नियम स्पष्ट ठरवा, असे बजावण्यात आले. दंड मोठा नव्हे. पण खेळाडूला पोटापाण्यासाठी खेळण्याचा हक्क आहे, हे कायद्याच्या भाषेत नोंदले गेले.

हे चौघे जगज्जेते नव्हते. त्यांच्यामागे भक्कम संघटना असती, तर त्यांना सात वर्षे झगडावे लागले नसते.

आमच्या नाशिकचा विदित गुजराथी २०१३ साली ग्रँडमास्टर झाला, २०२३ची ग्रँड स्विस स्पर्धा त्याने जिंकली आणि २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता. त्याच्याकडे पाहून कितीतरी मुले पटाकडे वळतात. त्यांतले बहुतेक विदित होणार नाहीत. शिकवण्या करतील, लहान स्पर्धांतून प्रवासखर्च काढतील. संघटना हवी ती त्यांची आणि त्यांच्यासाठी. पालक माझ्याकडे सल्ला विचारावयास येतात, तेव्हा कोणत्या प्रशिक्षकाकडे जावे हे मी सांगत नाही. मुलाच्या नोंदणीअर्जावर सही करण्यापूर्वी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, एवढेच सांगतो.