जेऊरची छावणी आणि भोसरीची काच

चिंचवडच्या दामोदर हरी चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्याआधी तीन महिने, ते कैदेत असताना, २२ जानेवारीला महाराष्ट्रावरून खग्रास सूर्यग्रहणाची सावली सरकत गेली. प्लेगच्या त्याच हंगामात मुंबईहून चिंचवड, पुणे, दौंड असा जाणारा लोहमार्ग ज्योतिर्विदांना जेऊरला घेऊन जात होता.

सोलापूर जिल्ह्यातल्या या स्टेशनाजवळ पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी छावणी टाकली. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेलही तिथेच आले होते. नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर होते. (लॉकियरना हेलियम १८६८ साली विजयदुर्गावर सापडला, ही आपल्याकडची लाडकी कथा खरी नाही. त्या वर्षी ते इंग्लंडात होते. किल्ल्यावर ते आले ते तीस वर्षांनी, याच ग्रहणासाठी.)

कॅम्पबेल यांच्या कॅमेऱ्याचे नाभीय अंतर ४० फूट होते. त्यात सूर्याची प्रतिमा सुमारे ११ सेंटिमीटरची पडते. भिंग उंचावर, प्रकाशलेपित काच खाली अंधारात, आणि सूर्याबरोबर सरकणारी. हाती वेळ सुमारे दोन मिनिटांचा. मला या मांडणीत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: प्रकाशाच्या वाटेवर माणसाचा डोळा नव्हताच. जे पाहायचे ते काच पाहत होती.

डोळा त्या वाटेवर आला तो पुढे, एसएलआर कॅमेऱ्यामुळे. त्यात भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून थेट नेत्रिकेत जातो. म्हणजे सूर्याकडे रोखलेली टेलिलेन्स ही दुर्बीणच झाली. आणि आमच्या औद्योगिक पट्ट्यात तोवर एक वस्तू मुबलक झाली होती: वेल्डिंगची काळी काच.

२४ ऑक्टोबर १९९५, ऐन दिवाळी. उत्तर भारतात खग्रास, आमच्याकडे खंडग्रास. भोसरीच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये काम करणारा माझा एक मित्र आकुर्डीतल्या गच्चीवर कॅमेरा घेऊन उभा राहिला. हेल्मेटमधली दहा नंबरची काच त्याने नेत्रिका आणि डोळा यांच्या मध्ये धरली. रोज आर्कसमोर हीच वापरतो, मग सूर्याला काय, असा त्याचा साधा हिशेब होता.

हिशेब दोन ठिकाणी चुकला. दहा नंबरची काच चौदा नंबरच्या काचेपेक्षा सुमारे पन्नासपट प्रकाश सोडते. सूर्यासाठी सुरक्षित मानली जाते ती चौदा नंबरची. दुसरी चूक जागेची. गाळणी भिंगाच्या पुढेच हवी. मागे धरली तर एकवटलेली उष्णता तिच्यावर पडते आणि ती तडकू शकते. काच काळी दिसते म्हणून सगळे अडते असेही नाही; रंगीत फिल्मच्या काळ्या पट्टीतून अवरक्त किरण आरपार जातात. खग्रास अवस्थेची ती दोन मिनिटेच काय ती उघड्या भिंगाची. आमच्या खंडग्रासात ती येतच नाहीत. सूर्याची कोर कितीही बारीक उरली तरी तिचा तेवढा तुकडा नेहमीइतकाच प्रखर असतो.

दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. मित्राला काही जाणवले नाही, उलट फोटो मिळाल्याचा आनंद होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचताना उजव्या डोळ्याने तो जे अक्षर पाही तेच नेमके पुसल्यासारखे होई, शेजारची दिसत. डॉक्टरांनी तपासून सांगितले, थांबून पाहू. थोडे भरून आले, पूर्ण नाही.

२५ ऑक्टोबर २०२२ ला, पुन्हा दिवाळीतच, ग्रासलेला सूर्य मावळत होता. मित्राने त्याच्या नातवाच्या कॅमेऱ्यावर, भिंगाच्या पुढे, चौदा नंबरची काच चिकटपट्टीने सगळ्या कडांनी बसवून दिली. मगच कॅमेरा पश्चिमेकडे वळवू दिला. पडद्यावर सूर्य हिरवा आला, वेल्डिंगच्या काचेतून येतो तसा. नातू म्हणाला, "आजोबा, रंग चुकला."

"असू दे," म्हणत तो डावा डोळा पुढे करून पडद्यावर वाकला.