'डॉ. देशमुख' कोणते?

१२. 'डॉ. देशमुखांचा कायदा' : मूळ मजकुरात नाव एवढेच आहे. येथे डॉ. गोपाळराव विनायक देशमुख अभिप्रेत आहेत. हे मुंबईचे नामांकित शल्यविशारद आणि मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद. हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचे विधेयक त्यांनीच मांडले. १९३७ साली त्याचा कायदा झाला आणि नवऱ्याच्या मिळकतीत विधवेला मुलाच्या बरोबरीने वाटा मिळाला. मात्र तो हयातीपुरताच. विकण्याचा अधिकार तिला जवळजवळ नव्हता. संपूर्ण मालकीसाठी १९५६ उजाडावे लागले.

मागील आवृत्तीच्या सूचीत हा उल्लेख डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावावर पडला होता. चूक समजण्याजोगी आहे, क्षम्य म्हणवत नाही. पंजाबराव विदर्भाचे, केंद्रात १९५२ ते १९६२ कृषिमंत्री. त्यांची 'डॉक्टर' ही पदवी ऑक्सफर्डच्या प्रबंधाची, स्टेथोस्कोपची नव्हे. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख हे आणखी तिसरे. देशमुखी हे मुळात परगण्याचे वतन. त्यामुळे आडनाव एक असले तरी जात, गाव, सोयरीक यांचा मेळ असेलच असे नाही.

मुंबईच्या पेडर रोडला नाव दिले आहे ते याच शल्यविशारदांचे. पाटीवर 'गोपाळराव देशमुख' वाचून पुष्कळांना 'लोकहितवादी' आठवतात. ते गोपाळ हरी, १८९२ मध्येच वारले. पाटीवरचे 'डॉ.' मात्र कोणी वाचत नाही.

— संपा.