जाहिरातीवर उभी असलेली पेढी

बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. अंबाजोगाईस त्या काळीं सरकारी दप्तरांत मोमिनाबाद म्हणत. या मुलुखांतील मराठी वाचकाच्या हातीं आपल्या भाषेंतलें वर्तमानपत्र पडणें सोपें नव्हतें. संस्थानांत पत्र काढावयाचें तर सरकारी परवाना हवा. बाहेरून आणावयाचें तर तें सरहद्दीवर अडविलें जाण्याची धास्ती. १९३८ सालीं आ. कृ. वाघमारे यांनीं 'मराठवाडा' हें साप्ताहिक सुरू केलें. त्यावर बंदी आली, तेव्हां त्यांनीं नांव बदलून तेंच पत्र पुन्हां काढलें. त्या नांवावरही बंदी आली, तेव्हां आणखी एक नांव घेतलें. वाचक होते, लेखक होते, छापखानाही मिळे. परंतु वाचकाच्या दारापर्यंत जाणारी वाट दुसऱ्याच्या हातीं होती. वृत्तपत्राच्या धंद्यांतील ही जोखीम जमाखर्चाच्या वहींत कोठेंही दिसत नसे.

त्याच जिल्ह्यांत आज मोबाईलवर प्रश्न लिहावा, कीं उत्तर पुढें येतें. आणि तें आणून देणारी पेढी बहुधा एकच असते, गूगल. तेव्हां वाट आतां या पेढीच्याच मालकीची झाली, असें कोणासही वाटेल. तिचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास मात्र तसें सांगत नाहीं.

लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनीं अमेरिकेंत १९९८ सालीं ही कंपनी स्थापिली. शोधून देण्याचे पैसे ती वाचकाकडून घेत नाहीं. २००० सालापासून ती जाहिराती घेऊं लागली, आणि २००२ सालीं शब्दांचा लिलाव करण्याची रीत तिनें उचलली. बालाघाटच्या डोंगरांतील सीताफळांस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तीं विकणाऱ्या एखाद्या बागाईतदारानें 'सीताफळ' या शब्दावर बोली लावली, तर तो शब्द शोधणाऱ्याच्या पुढें त्याची जाहिरात येते, आणि गिऱ्हाइकानें तिच्यावर बोट ठेवलें तरच त्याला पैसे मोजावे लागतात. दवंडी पिटावयाची तर सबंध गांवाचें मोल द्यावें लागे. येथें विचारणाऱ्या एकट्याचेंच द्यावें लागतें. युक्ति खरोखर नामी होती.

परंतु तिच्यांतच पहिली जोखीम आहे. २००४ सालीं आपले भाग विक्रीस काढतांना कंपनीनें आपल्या धोक्यांची जी यादी जाहीर केली, तींत आपलें उत्पन्न जवळजवळ सर्व जाहिरातींचें असून जाहिरातदार केव्हांही करार मोडूं शकतात, असें स्पष्ट लिहिलें होतें. वीस वर्षांनंतरही, म्हणजे २०२४ सालीं, तिच्या पालक कंपनीच्या, अल्फाबेटच्या, ३५० अब्ज डॉलर उत्पन्नापैकीं २६४ अब्जांहून अधिक रक्कम जाहिरातींचीच होती. बाजार थंडावला कीं दुकानदार आधीं जाहिरात आंखडती घेतो. २०२० च्या एप्रिल ते जून या महामारीच्या तिमाहींत आदल्या वर्षाच्या मानानें कंपनीचें उत्पन्न घटलें; भागबाजारांत आल्यापासून असें प्रथमच घडलें.

दुसरी जोखीम वाटेची, वाघमाऱ्यांच्या पत्राच्या ओळखीची. लोक शोध घेतात तो कोणाच्या तरी यंत्रावर. यंत्राचा मालक उद्यां दुसऱ्याच शोधयंत्राला जागा देईल, हें भय या पेढीस प्रथमपासून आहे. म्हणून तिनें २००५ सालीं अँड्रॉईड विकत घेतलें व मोबाईल बनविणाऱ्यांस तें मोफत दिलें. जेथें यंत्र परक्याचें, तेथें तिनें पैसा ओतला. ॲपलच्या मोबाईलवर आपलें शोधयंत्र आरंभींच असावें, एवढ्यासाठीं २०२२ या एका वर्षांत तिनें ॲपलला सुमारें २० अब्ज डॉलर दिले, असें अमेरिकेंतील खटल्यांत उघड झालें. आपल्याच गिऱ्हाइकाकडे जाण्यासाठीं भरलेली ही जकात!

आणि हाच उपाय पुढें आरोप झाला. २० ऑक्टोबर २०२२ रोजीं भारतीय स्पर्धा आयोगानें अँड्रॉईडच्या अटींबद्दल तिला १३३७.७६ कोटी रुपये दंड केला; मार्च २०२३ मध्यें अपील न्यायाधिकरणानें कांहीं निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. ५ ऑगस्ट २०२४ रोजीं अमेरिकेंत न्यायाधीश अमित मेहता यांनीं, या कंपनीनें शोधाच्या धंद्यांतील मक्तेदारी बेकायदेशीरपणें राखली, असा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मधील आदेशांत कंपनीचे तुकडे करण्याचें त्यांनीं टाळलें. मात्र दुसऱ्यास मज्जाव करणारे करार करण्यास बंदी घातली आणि शोधाची कांहीं माहिती प्रतिस्पर्ध्यांस देण्यास सांगितलें. निजामास पत्र दुबळें असूनही नकोसें होतें. येथें सामर्थ्य हाच गुन्ह्याचा पुरावा ठरला.

तिसरी जोखीम सर्वांत अलीकडची, व कदाचित् सर्वांत खोल आहे. नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी लोकांपुढें आलें. तें यादी देत नाहीं, सरळ उत्तरच देतें. स्पर्धेच्या भयानें गूगलनेंही २०२४ पासून यादीच्या माथ्यावर तयार उत्तर ठेवण्यास आरंभ केला. वाचकाचें काम तेथेंच भागलें, तर तो मूळ लेखाकडे कशास जाईल? वृत्तपत्रांची कुरकूर त्याच्याही आधींची आहे. आपल्या बातम्यांवर मिळणाऱ्या जाहिरातींचा योग्य वांटा गूगल देत नाहीं, अशी तक्रार भारतांतील प्रमुख प्रकाशकांच्या संघटनेनें केली, आणि जानेवारी २०२२ मध्यें स्पर्धा आयोगानें तिच्या चौकशीचा आदेश दिला.

हा तंटा केवळ मोठ्या पत्रांचा नव्हे. सिंदफणेला पूर आला कीं नाहीं, अंबाजोगाईच्या बाजारांत आज कोणत्या मालास काय भाव निघाला, हें कोणीतरी तेथें जाऊन पाहून मराठींत लिहिल्यावांचून जगांतील कोणत्याही शोधयंत्रास कळावयाचें नाहीं. त्या लिहिणाऱ्याचा पगार जिल्ह्याच्या पत्रांत येणाऱ्या कापडवाल्याच्या, सराफाच्या व बियाणेवाल्याच्या जाहिरातींतून निघे. आणि तेच दुकानदार आतां मोबाईलवर शब्दांच्या बोली लावूं लागले आहेत.