शिकाऱ्याच्या पाठीवर काय होते?

एक काळ असा होता की, दिवाळीच्या अंकात एखादी शिकारकथा हटकून असायची. मचाण, हाकारे, चांदणी रात्र, झाडीतून येणारी डरकाळी आणि मग बंदुकीचा बार! फराळाचे ताट मांडीवर घेऊन घरोघर त्या कथा वाचल्या जात. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, पुढे तो अधिक कडक होत गेला आणि शिकारीची हौस कायमची बंद झाली. झाले ते उत्तमच झाले. पण आमच्या मामांच्या माळ्यावर जुन्या अंकांचा ढीग होता, आणि त्यातल्या शिकारकथा मी शाळकरी वयात अधाशासारख्या वाचल्या. वाचताना एक वेडगळ शंका मला नेहमी छळी. हा गृहस्थ चार-चार दिवस रानात राहतो, सकाळी गरम चहा घेतो, रात्री कोरडे कपडे घालतो, गादीवर निजतो. मग हे सारे त्याने आणले तरी कशातून? त्याच्या पाठीवर काय होते?

शिकारीची जुनी छायाचित्रे पाहावीत. लाला दीनदयाळ हे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार. महबूब अलींना वाघाच्या शिकारीचे मोठे वेड होते. हैदराबाद राज्यात शिकारीला आलेले लॉर्ड कर्झन आणि त्यांच्या पत्नी मारलेल्या वाघाजवळ उभ्या आहेत, ते चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. अशा चित्रांत टोपी दिसते, बंदूक दिसते, चकाकणारे बूट दिसतात. पाठ मात्र मोकळी! शिकाऱ्याच्या पाठीवर काही नव्हते. जे होते ते दुसऱ्याच्या डोक्यावर होते, आणि तो दुसरा बहुधा चित्राच्या चौकटीबाहेर उभा असे.

आपल्या नांदेडकडे ही गोष्ट परकी नाही. किनवट-माहूरचे सागवानी जंगल आणि पैनगंगेचा काठ हा शिकारीचा नामांकित मुलूख. किनवट तालुका त्या काळी आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. इकडे हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंट फौजेची छावणी होती. छावणीतल्या साहेबाला रजा मिळाली की तो बंदूक घेऊन रान गाठी. त्या फौजेत नोकरी केलेल्या ब्रिगेडियर जनरल बर्टन यांनी दख्खनमधील शिकारीवर अख्खे पुस्तक लिहिले आहे. साहेबाचा तळ म्हणजे लहानसे लग्नच! तंबू, खाट, मेज, खुर्च्या, कंदील, भांडीकुंडी, दाणागोटा. गाडीवाट असेल तिथवर बैलगाडी; वाट संपली की माणूस.

हा माणूस कोण, हे आपल्या भाषेने नीट जपून ठेवले आहे. ‘वेठीस धरणे’ हा शब्दप्रयोग आपण आज किती सहज करतो! संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरले, असे वर्तमानपत्रात छापून येते. वेठ म्हणजे मोबदल्याविना सक्तीने करून घेतलेले काम, आणि त्यात सरकारी माणसाचे ओझे पुढच्या गावापर्यंत पोहोचवणे हे ठरलेले. गावगाड्यात हा भार मुख्यतः महार समाजावर टाकलेला होता. सामान उचला, वाट दाखवा, निरोप पोहोचवा. रात्र म्हणायची नाही, पाऊस म्हणायचा नाही. मुंबई इलाख्यात डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक कायदेमंडळात मांडले, ते या जोखडाविरुद्धच. निजामी राज्यात १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत लोकांनी काय सोसले, हे इथल्या घराघराला ठाऊक आहे. १९५० साली आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या तेविसाव्या कलमात बेगार निषिद्ध ठरवली आहे, आणि विशेष म्हणजे घटनेच्या इंग्रजी मजकुरातही ‘बेगार’ हाच आपला शब्द आहे. साहेबाच्या भाषेत त्याला पुरेसा जवळचा शब्द सापडला नसावा!

आमच्या आजोळी एक वृद्ध गृहस्थ होते. ऐन नव्वदीतही दाराच्या चौकटीला डोके लागेल एवढे उंच, आणि खांदे बैलाच्या वशिंडासारखे. पोरवयात त्यांनी एका जहागीरदाराच्या शिकारीचे ओझे वाहिले होते. मी त्यांना एकदा विचारले, “आजोबा, तुमच्यासारख्या दांडग्या माणसाला ओझ्याचे काय जड वाटणार?”

ते म्हणाले, “मास्तर, दांडगा दिसला की आधी त्यालाच बोलवायचे. अन् वझं बांधायचे ते समद्यांना एका मापानं. दांड्याला जनावर लटकवलं, की पुढं बुटका अन् मागं मी. दांडा सरळ ऱ्हावा म्हणून मला कोसभर गुडघ्यात वाकून चालावं लागायचं. वज्यानं नाही मोडलो, वाकून मोडलो.”

थोराड माणसाच्या ओझ्याचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे. मोठ्या देहाला वजन तितके छळत नाही. दुसऱ्याच्या मापाने बांधलेले वजन छळते.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहू. आपल्या मराठवाड्यात बंजाऱ्यांचे तांडे पुष्कळ. रेल्वे येण्यापूर्वी दख्खनचे धान्य आणि मीठ यांच्या बैलांच्या पाठीवरून फिरे. मोगलांच्या फौजांना यांनीच दाणा पुरवला, आणि १८०३ साली असईला लढणाऱ्या वेलस्लीची फौजही यांच्याच धान्यावर अवलंबून होती. त्या बैलाची पाठ बंजाऱ्याने कशी सांभाळली? दोन अंगांना दोन गोण्या, दोन्ही सारख्या वजनाच्या, आणि खाली जाड गादी. घोड्याच्या खोगिरातही तेच तत्त्व आहे. भार दोन बाजूंच्या मांसल भागावर पडावा आणि मधला कणा मोकळा राहावा. कणा दबला की जनावर महिनाभर कामातून गेले. (खोगीरभरती हा शब्द आपण टाकाऊ वस्तूंसाठी वापरतो, पण घोड्याला विचाराल तर तो वेगळे मत देईल.)

म्हणजे ओझे अंगाला कसे बसवावे, ही विद्या आपल्याकडे नव्हती असे नाही. चांगली होती, शेकडो वर्षांची होती. पण ती बैलाच्या पाठीसाठी होती. बैल विकत घ्यावा लागे. त्याची पाठ सोलली तर मालकाचे नुकसान. वेठीचा माणूस फुकट मिळे. त्याच्या खांद्याखाली गादी घालायचे कोणाला सुचणार? त्याने आपले आपणच फडक्याचे वेटोळे करून चुंबळ डोक्यावर ठेवावी, इतकीच त्याची सोय.

स्वतःच्या पायांनी हिंडणारे गरीब लोक मात्र आपल्या पुरते शहाणे होते. फासेपारध्याचे उदाहरण घ्या. दोरीला ओळीने बांधलेले फास आणि ते रोवायच्या खुंट्या, एवढीच त्याची हत्यारे; गुंडाळून गाठोड्यात मावणारी. वारकऱ्याची पडशी तर आपल्या सर्वांच्या ओळखीची. एक कप्पा पुढे, एक मागे, मध्ये खांदा. समतोल बंजाऱ्याच्या गोण्यांचाच. या झोळीला, गाठोड्याला, पडशीला माप नसे. गाठ ज्याच्या अंगावर मारावी त्याच्या अंगाची. धिप्पाड माणसाने दोन वीत सोडून गाठ मारावी, किरकोळ माणसाने आवळून. उणीव एकच होती: सारा भार खांद्यावर आणि मानेवर येई. पाच-सात शेरांपर्यंत ठीक, पुढे मान धरे.

ही उणीव दूर झाली ती दूर देशी, आणि गंमत पाहा, ती एका शिकाऱ्याच्याच हातून. नॉर्वेमध्ये शिकारी आपले सामान आपणच वाही. तिथे वेठीला कोणी नव्हते. ओले बर्गन नावाचा माणूस १९०८ साली पाठीवरच्या बेढब पिशवीने हैराण होऊन शिकारीहून परतला. त्याने रानातल्या झुडपाची एक फांदी घेतली, आपल्या पाठीच्या बाकाप्रमाणे वाकवली आणि पिशवीला बांधली. पिशवी पाठीपासून जरा सुटी झाली, भार खाली उतरला. पुढच्याच वर्षी त्याने त्याचे पेटंट घेतले. ब्रिटिश सैनिक आजही आपल्या पाठपिशवीला ‘बर्गन’ म्हणतात. आणि कल्पना त्याहूनही जुनी असावी. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला. त्याच्याजवळ धनुष्यबाण होते आणि वाकवलेल्या लाकडी काठीचा एक सांगाडाही. तो पाठीवरच्या ओझ्याचा असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

त्यानंतरची मोठी पायरी १९५२ ची. अमेरिकेत कॅलिफोर्नियात डिक केल्टी याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा हलका सांगाडा केला. पिशव्या त्याची बायको नेना शिवत असे. डोंगर चढताना सांगाड्याची खालची टोके पाटलोणीच्या मागच्या खिशांत खोचली, तेव्हा खांदे एकदम हलके झाल्याचे ध्यानात आले, असे सांगतात. त्यातूनच कमरेचा पट्टा आला. भार खांद्यावरून निघून कमरेच्या हाडांवर आला, आणि तिथून सरळ पायांत. मांडीचे स्नायू शरीरातले सर्वांत दणकट. ओझे त्यांनीच वाहावे, हे किती साधे! आपल्याकडची आई मूल काखोटीला मारून कुठे बसवते? कमरेच्या हाडावर. तिला कोणी पेटंट दिले नाही.

मात्र या सुधारणेबरोबर माप आले. गाठोड्याला माप नव्हते. सांगाड्याच्या पिशवीला आहे, आणि तिथेच आमच्यासारखे लोक अडले. माझी स्वतःची अंगकाठी थोराड. आमच्या घराण्यात सदरे नेहमी शिवूनच घ्यावे लागतात. मुलांना घेऊन माहूरचा गड चढायचा म्हणून मी पाठपिशवी घ्यायला बाजारात गेलो, तेव्हा दुकानदाराने माझ्या पोटाकडे पाहून सर्वांत मोठी पिशवी काढली. मोठी म्हणजे काय, तर जास्त सामान मावणारी! पिशवीचे पोट मोठे असून माझ्या पाठीला काय उपयोग? तिचा कमरपट्टा माझ्या बेंबीच्या वर आला आणि खांद्याचे पट्टे काखेत रुतले.

घरी येऊन मी शिवणाच्या टेपने माप घेतले. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जे हाड टोचते, तिथून कमरेच्या दोन्ही हाडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत. हे खरे माप. उंची नव्हे, वजन नव्हे. सहा फुटी माणसाची पाठ आखूड असू शकते आणि बेताच्या उंचीच्या माणसाची लांब. माझे माप एकवीस इंच भरले. मग ज्या पिशवीचे खांद्याचे पट्टे वर-खाली सरकवता येतात अशी शोधली, आत दहा किलो ज्वारी भरली आणि दुकानातल्या दुकानात पाव तास येरझाऱ्या घातल्या. दुकानदाराच्या चेहऱ्याकडे मी पाहिले नाही. आधी कमरेचा पट्टा हाडांवर घट्ट, मग खांद्याचे पट्टे, छातीचा पट्टा सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा केला की सारा भार पुन्हा खांद्यावर.

पाठ जुळली, पण कमरपट्टा चार बोटे अपुरा पडला. ती पिशवी मी रेक्झिनची कामे करणाऱ्या एका कारागिराकडे नेली. त्याने पट्टा उलटासुलटा पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “सर, चार बोटं कशाला, वीतभर वाढवतो. दिवाळीनंतर लागंलच की!”