नंबर कोरला, पण नोंद कुठाय?

तैवानने अमेरिकेकडून हेलिकॉप्टरच्या बॅटऱ्या मागवल्या होत्या. २००६ साली माल पोचला, पण खोक्यांत बॅटऱ्या नव्हत्या. होते मिनिटमन क्षेपणास्त्राच्या टोकात बसणारे फ्यूजचे चार नग, म्हणजे अण्वस्त्राला स्फोटाचा इशारा देणाऱ्या यंत्रणेचा भाग. त्यात अणुद्रव्य नव्हतं हे खरं, पण चुकून परदेशी जावी अशीही ती वस्तू नव्हे. साठा दर तिमाहीला मोजायचा नियम होता. तरी अमेरिकेला नेमकं काय गेलंय हे उमगायला मार्च २००८ उजाडला.

मंडळी, ही गोष्ट आज सांगायचं कारण वेगळं आहे. हल्ली आपल्याकडे कुठल्याही गोंधळावर एकच औषध निघतं: "क्यूआर कोड लावून टाका." घरांवर लावले, झाडांवर लावले, कचऱ्याच्या डब्यांवर लावले. कोड वाईट नाही. पण जगातल्या सर्वांत श्रीमंत लष्कराने हाच उद्योग फार मोठ्या प्रमाणावर केलाय, आणि त्याचा इतिहास आपण वाचायला हवा.

लष्करी मालावर खूण करणं जुनंच. ब्रिटिश सरकारी मालावर तीन रेघांचा बाण असायचा. त्याचा अर्थ एवढाच, की हा माल सरकारी आहे, विकायला काढलात तर पकडले जाल. म्हणजे पहिली पायरी: वस्तू कोणाची?

दुसरी पायरी: कुठे आणि कधी बनली? याचं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तिथल्या जुन्या .३०३ काडतुसाच्या बुडावर 'के' आणि 'एफ' ही इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात, म्हणजे किर्की फॅक्टरी. सोबत वर्ष. काडतूस फुटलं नाही, अडकलं, तर निदान कुठल्या कारखान्यातलं, कुठल्या सालचं हे कळायचं.

तिसरी पायरी: वस्तू कुठल्या प्रकारची? दुसऱ्या महायुद्धानंतर प्रत्येक प्रकाराला साठा क्रमांक देण्याची पद्धत रुळली. १९८१ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने पुरवठादारांच्या मालावर बारकोड सक्तीचा केला. उभ्या रेघांचा, 'कोड ३९' नावाचा. पण त्यातून कळायचं ते प्रकाराचं नाव. एकाच प्रकारचे हजार पंप असतील तर हजारांवर तोच क्रमांक. नेमका कुठला पंप दोनदा दुरुस्त झालाय आणि कुठला कोरा आहे, हे बारकोड सांगत नव्हता.

याची किंमत १९९१ च्या आखाती युद्धात दिसली. सुमारे ४० हजार कंटेनर वाळवंटात पोचले आणि त्यातले निम्म्याहून जास्त केवळ आत काय आहे हे बघायला उघडावे लागले. माल होता, पण सापडत नव्हता. सापडत नाही म्हणून पुन्हा मागवला, म्हणजे ढीग आणखी वाढला. आपल्याकडच्या कुठल्याही स्टोअरकीपरला हा प्रकार समजावून सांगायची गरज नाही.

२००३ ला इराकमध्ये पुन्हा तेच. त्या डिसेंबरात अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने सांगितलं, की लष्करी तुकड्यांना पाठवलेला माल आणि मिळाल्याची पोच यांच्यात १२० कोटी डॉलरचा फरक आहे.

त्याच वर्षी, २९ जुलै २००३ रोजी, चौथी पायरी आली होती. संरक्षण खात्यात खरेदीचं काम बघणाऱ्या मायकेल विन यांच्या सहीने एक धोरण निघालं: १ जानेवारी २००४ पासूनच्या नव्या खरेदीत, ५ हजार डॉलर किंवा त्याहून महागड्या प्रत्येक नगाला स्वतःचा, जगात एकमेव असा क्रमांक हवा. त्याहून स्वस्त पण नाजूक किंवा महत्त्वाच्या वस्तूंनाही लागेल तिथे. आपल्याकडे 'यूआयडी' म्हटलं की आधार आठवतं, ज्याचा पहिला क्रमांक २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. अमेरिकी लष्कराने तोच 'यूआयडी' शब्द त्याआधी काही वर्षं यंत्रांसाठी वापरला होता.

रचना साधी आहे. कारखान्याचा संकेतांक, त्यापुढे अनुक्रमांक. कधी मध्ये सुट्या भागाचा क्रमांकही. रायफलींना नंबर पूर्वीपासून होतेच, पण दोन कारखान्यांत एकच नंबर निघू शकतो, आणि हाताने उतरवताना ३ चा ८ होतो. कारखान्याचा संकेतांक जोडला की पहिली अडचण संपते. यंत्राने वाचलं की दुसरी. वस्तू मोडीत निघाली तरी तिचा क्रमांक दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही.

हा क्रमांक 'डेटा मॅट्रिक्स' नावाच्या छोट्या चौकोनात बसवतात. क्यूआर कोडचाच भाऊबंद, पण तीन कोपऱ्यांतल्या चौकटींऐवजी याला दोन बाजूंना सलग काळी कड असते. माहितीची जादा नोंद आतच असल्याने थोडा भाग खरवडला तरी वाचता येतो. तेल, ऊन, वाळू, सगळं सोसायचं म्हणून तो लेझरने किंवा टोच्याने धातूवरच कोरतात, नाहीतर धातूची पट्टी लावतात. सोबत एक मध्यवर्ती नोंदवही: कोण बनवलं, कधी घेतलं, किती किमतीला.

आता परत सुरुवातीच्या गोष्टीकडे. ते फ्यूज या धोरणाआधीचे, जुन्या साठ्यातले. पण तैवानची चूक बाहेर आली तेव्हा अमेरिकी हवाई दलाचे मंत्री कोण होते? तेच मायकेल विन. त्याआधी ऑगस्ट २००७ मध्ये सहा अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रं नॉर्थ डकोटातून लुइझियानाला विमानाने गेली होती आणि जवळजवळ दीड दिवस कुणाला पत्ता नव्हता. जून २००८ मध्ये संरक्षणमंत्री गेट्स यांनी विन आणि हवाई दलप्रमुख मोझली या दोघांचेही राजीनामे घेतले. विन यांचे गेट्स यांच्याशी इतर मतभेदही होते, ते बाजूला ठेवू. पण प्रत्येक वस्तूला ओळख द्या म्हणणारा माणूस खोकं न ओळखल्याच्या प्रकरणात घरी गेला, याला काय म्हणावं!

मला यात विन यांची चेष्टा करायची नाही. धोरण बरोबरच होतं. पण ओळख पटवणं ही दोन माणसांची कामं आहेत: एक नंबर लावतो, दुसरा माल हलताना नंबर वाचून नोंद करतो. पहिल्याचा समारंभ होतो, फोटो निघतो. दुसऱ्याचं काम रोजचं, कंटाळवाणं.

२००९ चा अफगाणिस्तानचा हिशेब बघा. अमेरिकेने अफगाण फौजांसाठी घेतलेल्या सुमारे २ लाख ४२ हजार शस्त्रांपैकी ८७ हजारांची पूर्ण नोंद नव्हती. त्यातल्या सुमारे ४६ हजारांचे नंबरच देता आले नाहीत. उरलेल्या ४१ हजारांचे नंबर व्यवस्थित लिहिलेले होते, फक्त ती शस्त्रं आता कुठे आहेत हे लिहिलेलं नव्हतं! मला पहिल्यापेक्षा हा दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो.

उलट बाजूही आहे. २६/११ चे हल्लेखोर ज्या रबरी बोटीतून मुंबईच्या किनाऱ्याला लागले, तिच्या जपानी इंजिनाचा माग नंबरावरून कराचीच्या दुकानापर्यंत लागला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये पाकिस्तान सरकारलाही ते मान्य करावं लागलं. का लागला? कारखान्यापासून विक्रेत्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी तो नंबर कागदावर उतरवून ठेवला होता म्हणून.

आपल्या सरकारी कार्यालयातल्या खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेला डेडस्टॉकचा नंबर सगळ्यांनी पाहिलाय. तो रंग पुसट झाला तरी, रजिस्टर दरवर्षी कुणी प्रामाणिकपणे ताडून बघत असेल तर खुर्ची हरवत नाही. आणि बघत नसेल, तर लेझरने कोरलेला नंबरही कामाचा नाही.

म्हणून आपल्या नगरपालिकेत, पंचायतीत पुढच्या वेळी "अमुक हजार क्यूआर कोड बसवले" अशी बातमी आली, की टाळ्या जरूर वाजवा. फक्त एवढं विचारा: गेल्या महिन्यात त्यातले किती वाचले गेले, आणि त्याची नोंद बघायला मिळेल का?