पिशवी काढली, हिशेब राहिला

वस्तीतल्या महिला मंडळाच्या बैठकीत मी एकदा रजोनिवृत्तीचा विषय काढला. ऊसतोडीला जाणारी एक ताई म्हणाली, "आमचं कसलं आलंय ते? माझी पिशवी चौतिसाव्या वर्षीच काढली. सुटले एकदाची." ती 'सुटले' म्हणाली खरी, पण उठताना तिला दोन्ही हात जमिनीला टेकावे लागले. थंडीतही अंगातून वाफा निघतात, रात्र रात्र डोळा लागत नाही, हे नंतर तिनेच सांगितलं. त्या 'सुटले' शब्दामागचा इतिहास तपासावा म्हणून हा लेख.

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं वैद्यकशास्त्र मानतं. भारतीय स्त्रीला ती साधारण 46-47 व्या वर्षी येते. 'मेनोपॉज' हा शब्द 1821 मध्ये फ्रान्समधल्या गार्दान नावाच्या डॉक्टरने रूढ केला. 1966 मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट विल्सन यांच्या 'फेमिनाइन फॉरेव्हर' या पुस्तकाने रजोनिवृत्तीला हार्मोनच्या कमतरतेचा आजार ठरवलं आणि गोळ्यांचा बाजार तेजीत आला. 2002 मध्ये तिथल्याच एका मोठ्या चाचणीत संयुक्त हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा आणि पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला, म्हणून चाचणीचा तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. आज वय, लक्षणं आणि धोका तपासून डॉक्टर हे उपचार ठरवतात. पण हा सगळा इतिहास ज्यांना डॉक्टरपर्यंत पोहोचता येत होतं त्या बायकांचा. उसाच्या फडातली बाई त्यात कुठेच नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. मनुस्मृतीने पाळीच्या बाईला अस्पृश्य ठरवलं. म्हणून पाळी गेली की बाई 'शुद्ध' झाली, आता तिला सोवळ्यात वावरता येईल, असं आजही बोललं जातं. म्हणजे बाईला मान मिळणार तो शरीराचं एक काम थांबल्यावर! बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली, ती या शुद्धाशुद्धतेच्या मुळावर घाव घालण्यासाठी. याउलट थेरीगाथेतली अंबपाली पाहा. म्हातारपणी ती आपले पिकलेले केस आणि सुरकुतलेली त्वचा निरखते. त्यात शरम नाही आणि विटाळही नाही. जे बदलतं ते ती बदलणारं म्हणून पाहते. अनित्यतेचा इतका थेट पाठ एका वृद्ध स्त्रीने दिला, हे आपण विहारात किती वेळा सांगतो?

कायद्याचा इतिहासही बघावा लागेल. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मांडणी केली की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि त्या खर्चाचा भार सरकारने व मालकाने उचलला पाहिजे. 1929 मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. 1934 मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य'मधल्या लेखनासाठी अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांची बाजू बाबासाहेबांनी न्यायालयात मांडली. 1938 मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे रोहम यांनी विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. या सगळ्यातून एकच सूत्र दिसतं : बाईचं शरीर हा तिचा खाजगी भोग नाही. तिच्या श्रमावर जे जगतात, त्यांची त्या शरीराबाबत जबाबदारी आहे.

हे सूत्र ऊसतोडीत कसं मोडलं ते बघा. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. उचल मुकादमाकडून घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. फडात शौचालय नाही, पाण्याची सोय नाही, पाळीत बदलायला आडोसा नाही. त्यातून अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं सुरू होतं. खाजगी दवाखान्यात कर्करोगाची भीती घातली जाते आणि पिशवी काढली जाते. त्यासाठी पुन्हा कर्ज, आणि ते फेडायला पुन्हा उचल. 2019 मध्ये राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहाजणींमागे एक. या बाया दलित, बंजारा, वंजारी, भटक्या-विमुक्त, अल्पभूधारक घरांतल्या. फक्त पिशवी काढली तरी अंडाशयांचं काम लवकर मंदावू शकतं. अंडाशयही काढली तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. मग हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा धोका, झोप उडणं, चिडचिड हे सगळं ऐन कष्टाच्या वयात. बाई मोळी उचलू शकत नाही आणि उचल मात्र फिटलेली नसते.

हे फक्त बीडचं नाही. बिहार, राजस्थान आणि छत्तीसगडमधल्या अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्धच्या याचिकेवर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, "हा बायकांचा विषय आहे, चळवळीचा नाही." मग 1928 चं भाषण कुणाच्या विषयावर होतं? कायद्याने आईपर्यंतचा रस्ता केला, पण आईपणानंतरच्या बाईला वाऱ्यावर सोडलं. तो रस्ता पुढे नेणं आपलं काम आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. 'कोयता' ही जोडीची नोंद बंद करून बाईची स्वतंत्र नोंद आणि मजुरी. पाळीच्या किंवा आजाराच्या दिवशी खाडा नाही. फडावर पाणी आणि शौचालय. शस्त्रक्रियेआधी सरकारी दवाखान्यात दुसरं मत. पिशवी काढलेल्या बाईची हाडांची आणि रक्ताची मोफत तपासणी. आणि यातला खर्च साखर कारखान्यानेही उचलायचा, कारण साखर त्याची आहे.

आणि आपण? येत्या वर्षावासात एक दिवस विहारात या विषयावर बोलूया, पुरुषांनाही बसवूया. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर लगेच तपासणी करायची, एवढं जरी प्रत्येक घरात पोहोचलं तरी काही जीव वाचतील. शिकण्याची सुरुवात घरातल्या आईपासून करूया.

जय भीम!